मळ्यापर्यंत फायबर का येत नाही?



पिंपळगावच्या बाजारपेठेत राहणारीला फायबरचं इंटरनेट मागायला अवघड वाटत नाही. मळ्यातल्या वस्तीवर राहणारीला मात्र उत्तर मिळतं, "ताई, तिथवर रेंज पोचत नाही." मुलांचा अभ्यास, गटाच्या बँकेची कामं, द्राक्षबागेची ग्रेपनेटवरची निर्यात नोंदणी, सगळं मग मोबाईलच्या एक-दोन काड्यांवर. म्हणून हे उत्तर कधी खरं असतं आणि कधी नसतं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून उजेड धावतो आणि उजेडावर माहिती जाते. कंपनीच्या केंद्रातून एक तार निघते. वाटेत एका छोट्या डबीत तिच्या 8, 16 किंवा 32 वाटा होतात. या डबीला स्प्लिटर म्हणतात. तिला वीज लागत नाही, म्हणून रस्त्यात भारनियमन असलं तरी तिचं काम थांबत नाही. अशा जाळ्याला पॅसिव्ह जाळं म्हणतात. 2011 साली मंजूर झालेल्या आणि आज भारतनेट नावानं ओळखल्या जाणाऱ्या योजनेतही ग्रामपंचायतींपर्यंत जाताना हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

आता हिशेब. उजेडाची घट डेसिबलमध्ये मोजतात. नेहमीच्या यंत्रणेत साधारण 28 डेसिबल घट चालते. 32 वाटांची डबी त्यातले 17 खाते. तार किलोमीटरमागे पाव ते अर्ध्याच्या मधे खाते, म्हणजे 20 किलोमीटरला सुमारे 7. उरलेले जोडांत जातात. वाटा निम्म्या केल्या, 32 च्या 16, तर तीनेक डेसिबल वाचतात आणि तेवढ्यात तार आणखी आठ-नऊ किलोमीटर जाऊ शकते. जास्त ताकदीचं यंत्र बसवलं तर 32 डेसिबलपर्यंत चालतं. वाटेत उजेड वाढवणारं यंत्र बसवून 60 किलोमीटरपर्यंतही जाता येतं. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक 2008 पासून आहे. पण त्या यंत्राला वीज लागते. वीज गेली आणि बॅटरी संपली की पुढची सगळी घरं बंद. म्हणून तो उपाय शेवटचा.

मैत्रिणींनो, आपला मळा केंद्रापासून वीस किलोमीटर आहे का? बहुतेकींचा नसेल. मग अडतो तो उजेड नाही, एका घरासाठी खांब उभे करून केबल ओढायचा खर्च अडतो. त्यावर उपाय आपल्या हातात आहे. वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी एकच अर्ज द्यायचा, आणि डबी वस्तीतच बसवा असं मागायचं. शेजारच्या ओझरला वाघाड धरणाच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्यांनी असंच केलं. पाणी पोचत नव्हतं तेव्हा पाणीवापर संस्था काढल्या आणि पाणी मोजून घेतलं.

अर्ज देताना तीन प्रश्न विचारा. केंद्र इथून किती किलोमीटरवर? जवळची डबी कुठे, आणि तिच्या किती वाटा रिकाम्या? आमच्या घरी उजेड किती येईल? जोडणीच्या दिवशी तो मीटरवर मोजून घ्या. उणे 20 च्या आसपास चांगला. उणे 27 च्या पलीकडे गेला की जोडणी तुटत राहते.

घरात तार खिळ्याला गुंडाळू नका, दारात चेमटू देऊ नका. काच घट्ट वाकली की उजेड बाहेर सांडतो. मॉडेमवर लाल दिवा लागला तर आधी तार पाहा. शेतात जेसीबी लावण्यापूर्वी केबल कुठून गेली आहे ते विचारा. आणि मॉडेमला वीज लागतेच, तेव्हा एक छोटी बॅटरी जवळ ठेवा.

येत्या ग्रामसभेत आपल्या वस्तीचा अर्ज घेऊनच जा. एकटीनं नको, शेजारणींना सोबत घ्या.