धुराडं कोण बघतं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज अध्यक्षताईंनी मला बँक जोडणीवर बोलायला सांगितलं होतं. ते पुढच्या सभेत नक्की बोलेन. आज त्यांची परवानगी घेऊन मी आपल्या घरावरच्या धुराड्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. माझ्या घरात घडलंय म्हणून सांगते.

आमचं घर पाटण भागातलं, कौलारू. तीसेक वर्षांपूर्वी आजोबांनी चुलीसाठी विटांचं धुराडं बांधून घेतलं. पुढे गॅस आला, पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. गेल्या जूनमध्ये धुराड्यातून पावसाचं पाणी चुलीत गळायला लागलं. आई म्हणाली, "काहीतरी कर गं." मी भावाला शिडीवर चढवलं आणि वरून पोत्याचा बोळा घालायला लावला. गळती थांबली. मी कामावर परत आले आणि विसरून गेले.

ऑगस्टमध्ये सिलिंडर संपला. भाऊ-वहिनी गावाला गेलेले, बाहेर धो धो पाऊस, दारं-खिडक्या बंद. आईने चूल पेटवली. धूर कोंडला, पण लाकूड ओलं असेल म्हणून तिने सोसला. जेवणं झाली, निखारे तसेच ठेवून ती आणि माझी सहा वर्षांची भाची तिथेच उबेला झोपल्या. पहाटे भाचीला उलट्या सुरू झाल्या. आईचं डोकं इतकं दुखत होतं की तिला उठवेना. तिला वाटलं, जेवणातून काही बाधलं. शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या, त्यांनी पोरीला उचलून ओट्यावर आणलं, आईलाही हात धरून बाहेर काढलं. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खोलीत चूल किंवा शेगडी होती का?" दोघी बऱ्या झाल्या. पण त्या काकू तासभर उशिरा आल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ताईंनो, मी समाजकार्य शिकलेली मुलगी. गावोगाव आरोग्यावर बोलते. आणि तो बोळा मीच घालायला लावला होता.

त्यानंतर मी एका जुन्या गवंडीकाकांना घेऊन ते धुराडं वरपासून खालपर्यंत बघितलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपल्या घरात धूर जी खाते, ती छतावर चढत नाही. आणि छतावर जो चढतो, त्याला धूर लागत नाही. म्हणून धुराडं कुणाचंच काम राहत नाही.

आधी धुराडं चालतं कसं ते बघू. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. ती वर गेली की चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. वाट मोकळी, उंच आणि गरम असेल तर ओढ चांगली. वाट तुंबली की धूर उलटा घरात येतो. धूर तरी दिसतो, डोळ्यांत चुरचुरतो. पण धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर आधी चुलीवर संशय घ्या. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका.

हा विषय नवा नाही. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकातच धुराड्याची मगन चूल तयार झाली होती. १९८३ नंतर सरकारच्या सुधारित चूल कार्यक्रमातून गावोगाव निर्धूर चुली बसल्या. चुली बसल्या, पण धुराडी साफ करायचं कितीतरी घरांत राहून गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं घरातल्या धुरामुळे गेली.

आधी तपासणी. ही तुम्ही स्वतः करू शकता. चूल पूर्ण थंड असताना खालच्या तोंडातून आरसा तिरपा धरून आत बघा. वर आकाशाचा उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर आत घरटं, पडलेली वीट किंवा माझ्यासारखीचा बोळा आहे. मग कागदाचा तुकडा पेटवून तोंडाशी धरा. ज्योत आत ओढली गेली तर वाट चालू आहे. त्यानंतर थोडा ओला पाला जाळून धूर करा आणि माळ्यावर, भिंतीवर बघा. जिथून धूर झिरपतो तिथे भेग आहे. धुराड्याला वासे किंवा रिपा टेकल्या असतील तर तेही बघा. लाकूड आणि विटेत निदान दोन इंच अंतर हवं, नाहीतर वर्षानुवर्षं तापून लाकूड एक दिवस पेट घेतं.

मग साफसफाई. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी. काथ्याचा घट्ट जुडगा दोरीला बांधायचा, खाली दगडाचं वजन लावायचं आणि वरून खाली-वर ओढायचा. त्याआधी चुलीच्या तोंडाला ओलं पोतं लावा, नाका-तोंडाला फडकं बांधा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटतो. शिडी धरायला खाली माणूस हवाच. ओल्या लाकडाने आत डांबरासारखा चिकट थर बसतो आणि तो थर पेट घेतो. म्हणून सरपण उन्हाळ्यातच फोडून, रचून, झाकून ठेवा. धुराड्यात घोंघों आवाज येऊन आग लागली तर वरून पाणी ओतू नका, तापलेल्या विटा तडकतात. चुलीचं तोंड बंद करून हवा तोडा, सगळे बाहेर या आणि ११२ ला फोन करा.

आता दुरुस्ती. जुन्या धुराड्याचं पहिलं नुकसान पाणी करतं. विटेला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात, सांध्यातला चुना भुगा होऊन पडतो. आपण काय करतो? वरून सिमेंट थापतो. गवंडीकाकांनी मला इथेच थांबवलं. जुनी वीट मऊ असते आणि सिमेंट कडक. विटेतली ओल सांध्यातून बाहेर पडायची, ती सिमेंटने अडते आणि वीटच फुटते. चुन्यात बांधलेल्या कामाला चुनाच हवा. सैल माल पाऊण इंच खोल खरवडायचा, ब्रशने झाडायचा, पाणी मारायचं आणि एक भाग चुना, तीन भाग वाळू अशा मालाने दरजा भरायच्या. मग ओलं पोतं टाकून आठवडाभर ओल ठेवायची. लगेच चूल पेटवायची नाही, आणि नंतरही दोन-तीन दिवस बारीक जाळच करायचा. चुलीजवळचा आतला भाग मात्र माती, शेण आणि भुशाने लिंपा. तिथली भेग दर महिन्याच्या सारवणात बुजवता येते.

गळती बहुतेक वेळा धुराडं जिथे कौलातून किंवा पत्र्यातून वर निघतं तिथली असते. नुसतं डांबर एक-दोन पावसाळे टिकतं. पत्र्याची पट्टी वाकवून तिची वरची कड विटेच्या सांध्यात घुसवायची आणि दरज भरायची. तोंडावर चारही बाजूंनी उघडी टोपी आणि पाखरांसाठी जाळी बसवा. पाऊस आत येत नाही, धूर बाहेर जातो. बोळा कधीच नको. धुराडं छतातून निघतं तिथून निदान तीन फूट वर असावं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट वर.

दोन कामं स्वतः करू नका. धुराडं कललं असेल तर त्याच्याखाली मुलांना खेळू देऊ नका. गवंड्याकडून वरून एकेक वीट काढून ते उतरवून घ्या. आणि निर्धूर चुलीचा जुना सिमेंटचा पाईप असेल तर तो कापू-फोडू नका. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

आता आपल्या गटाचं काम. प्रत्येक ग्रामसंघाने एक दोरी-काथ्याचा जुडगा आणि एक चांगली शिडी सामाईक ठेवावी. दिवाळीआधीच्या बैठकीत प्रत्येक सदस्येने "माझं धुराडं बघितलं" एवढं सांगावं आणि ते इतिवृत्तात लिहावं. ज्यांची दुरुस्ती मोठी आहे त्यांना अंतर्गत कर्ज द्यावं. लग्नाला, शेळीला आपण कर्ज देतो. मग चार पोती चुना-वाळू आणि गवंड्याच्या मजुरीला का नको? हप्ता जसा आपण चुकवत नाही, तशी ही साफसफाई चुकवायची नाही.

आमच्या धुराड्यावर आता टोपी आहे. घरी फोन केला की भाची आधी विचारते, "आत्या, तू कधी येणार? धुराडं साफ करायचंय." या शनिवारी मी जाणार आहे. तुम्हीही घरी गेल्यावर आधी आरसा घेऊन चुलीपाशी बसा.