चार यमुना



एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत झाली, तर दफ्तरातील तारखा ताडून ती निस्तरता येते; थोरले शाहू महाराज सातारचे आणि राजर्षी शाहू कोल्हापूरचे, हे सांगण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. परंतु ज्यांचे मूळ नावच मध्यंतरी पुसले गेले, त्यांचे नामसादृश्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि आज ज्या चौघींविषयी बोलण्याचे मी योजिले आहे त्यांतील दोघी अशाच आहेत. चौघींचे नाव यमुना. दोघी ग्रंथांत जन्मल्या, दोघी खऱ्याखुऱ्या घरांत.

पहिली बाबा पदमनजींची. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटना’त ती आपल्या पतीसह, विनायकासह, प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिगती ऐकते, आणि अखेरीस तेच वैधव्य तिच्याही पदरी येते. दुसरी हरिभाऊ आपट्यांची. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली, तेव्हा माजघरातील एका मुलीने आपली जन्मकथा आपल्याच तोंडाने सांगावी, हा प्रकारच मराठी वाचकाला नवा होता. सुशिक्षित रघुनाथरावांच्या सहवासात जिचे मन उमलू लागले, त्याच यमूच्या केशवपनाचा प्रसंग आजही सलग वाचवत नाही.

या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात त्या दुसऱ्या दोघी जन्मल्या. १८६२ साली देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरी एक, १८६५ साली कल्याणच्या जोश्यांच्या घरी दुसरी. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांची पत्नी झाली. ज्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती, त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकविली, आणि मग त्या बालिकेला स्वतः अक्षर-अक्षर शिकविले. कल्याणची यमुना नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोश्यांच्या घरी आली. माप ओलांडताच, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नव्या नावाने, पहिली रमा झाली आणि दुसरी आनंदी. आडनाव बदलण्याचा प्रश्न कल्याणच्या मुलीपुढे नव्हता, कारण माहेर-सासर दोन्ही जोशीच. तरी नाव बदललेच! प्रयागानंतर गंगेच्या पात्रात यमुनेचे पाणी वाहतच असते, पण त्याला यमुना कोणी म्हणत नाही.

या प्रथेने नामसादृश्याची एक नवीच गुंतागुंत निर्माण केली. १८८२ साली पुण्यात पंडिता रमाबाई आल्या. त्या जन्मापासून रमा आणि विवाहानंतरही रमाच. त्याच नगरीत रानड्यांच्या रमाबाई होत्या, त्या विवाहाने रमा झालेल्या. पुढे पंडिताबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करत्या झाल्या, आणि त्याही आनंदीबाई झाल्या. गोदावरीलाही तोच मार्ग! विधवाविवाहाचे धैर्य दाखविणाऱ्या त्या थोर पुरुषाच्या घरीही नाव बदलण्याची रीत सुटली नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

ग्रंथांतल्या यमुनांचे मात्र असे झाले नाही. त्यांनी काय सोसले ते सोसले, परंतु शंभर वर्षांनंतरही वाचकाच्या मनात त्या यमुनाच आहेत. ज्यांनी खरोखर शाळा काढल्या, सेवासदन चालविले, समुद्र ओलांडला, त्यांच्या यमुना या नावाचा दाखला हवा असेल, तर चरित्राचे पहिले पान उघडावे लागते. दुसऱ्या पानावर ते नसते.

आनंदीबाई जोश्यांनी १८८६ च्या मार्च महिन्यात पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीस, पुण्यात एकविसाव्या वर्षी त्यांचा देहान्त झाला. त्यांची रक्षा, अमेरिकेत ज्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले होते, त्या कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, तिच्यावर शिळा उभी राहिली. शिळेवर आनंदीबाईंचे नाव आहे, पदवी आहे, जन्ममृत्यूची वर्षे आहेत. कल्याणच्या वाड्यात आईने जिला यमू म्हणून हाक मारली असेल, तिची त्या दगडावर नोंद नाही.