किरण तुटला की एक

आज मी तुमच्याशी एका छोट्या विद्युतमंडलाविषयी बोलणार आहे. माणूस कवितेचा, शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. मग हा इथे कसा, असं तुम्हाला वाटेल. पण शाळेच्या वयात मी संध्याकाळी रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसत असे, आणि डाख देतानाच्या राळेचा वास अजून नाकातून गेलेला नाही. शिवाय रेडिओवर आकृती दाखवता येत नाही. सगळं शब्दांनीच उभं करायचं. ते काम आमचंच.

सुरुवात वाटाण्याएवढ्या एका चकतीपासून करू. तिचं नाव एलडीआर. पाठ्यपुस्तकात तिला प्रकाशावलंबी रोध म्हणतात, पण त्या नावानं मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. चकतीवर एक नागमोडी पट्टा असतो, शिलाई मशीनच्या झिगझॅग टाक्यासारखा. तो कॅडमियम सल्फाइडचा. अंधारात हा पदार्थ विजेला जवळजवळ अडवूनच धरतो. रोध लाखो ओहमच्या घरात जातो. उजेड पडला की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तोच रोध हजार-पाचशे ओहमवर उतरतो.

उजेडाला असं वागणारा पदार्थ सापडला तो 1873 साली, आणि कुणी तो शोधत नव्हतं. विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेत होते. त्यासाठी त्यांनी सेलेनियमच्या कांड्या रोध म्हणून घेतल्या, तर मापं जुळेनात. शेवटी उमगलं, की कांडीवर उजेड पडतो आहे की नाही, यावर आकडा ठरतो. 1880 मध्ये ग्रॅहॅम बेल यांनी याच सेलेनियमच्या साह्यानं उजेडाच्या किरणावरून माणसाचा आवाज पाठवला. आणि आपले जगदीशचंद्र बोस! त्यांनी गॅलेना या खनिजापासून केलेला शोधक रेडिओलहरींना आणि प्रकाशालाही दाद देई. त्याचं अमेरिकी पेटंट 1904 चं आहे.

आता मंडल. नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेकडे या कामात वळायचंच नाही. बॅटरीच्या धन टोकाला एलडीआर, त्याच्यापुढे दहा हजार ओहमचा एक साधा रोध, आणि तो ऋण टोकाला. दोघांच्या मधल्या सांध्यावर लक्ष ठेवा. उजेडात एलडीआर हजार ओहमचा असेल, तर त्या सांध्यावर सुमारे 8.2 व्होल्ट मिळतात. सावली पडून तो एक लाखावर गेला, तर 0.8. म्हणजे सावलीचं भाषांतर व्होल्टमध्ये झालं. उजेड असलेल्या खोलीत सावली इतकी गडद नसते, तिथे आकडा तीनाच्या आसपास थांबेल, तेवढंही पुरतं. एलएम 358 नावाची चिप हा सांधा आणि आपण ठरवलेली रेघ, समजा पाच व्होल्टची, यांची तुलना करते. सांधा रेघेखाली गेला की चिप बीसी 547 ट्रान्झिस्टरला खूण करते आणि तो रिले ओढतो. रिलेच्या गुंडाळीवर एक डायोड उलटा लावायला विसरू नका, नाहीतर रिले सुटताना तिचा झटका ट्रान्झिस्टरला खातो.

समोरच्या भिंतीवर दिवा, इकडे एलडीआर. तो चार बोटं लांबीच्या, आतून काळ्या केलेल्या नळीच्या तळाशी बसवायचा, म्हणजे त्याला फक्त समोरचा दिवा दिसतो. किरण तुटला की टक्.

मोजायचं कशानं? मुलांसाठी कॅल्क्युलेटरची युक्ती छान. बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर एक, अधिक आणि मग पुन्हापुन्हा 'बरोबर' दाबलं की आकडा एकेकानं वाढतो. काहींवर अधिक दोनदा दाबावं लागतं. रिलेच्या तारा 'बरोबर'च्या कळीला जोडल्या की झालं. पण काही मिनिटं काम नसलं की कॅल्क्युलेटर आपोआप झोपतो. पक्क्या कामाला सीडी 4026 ही चिप घ्यावी, प्रत्येक अंकाला एक.

माझ्या भाच्यानं हे सगळं एका गोदामाच्या दारावर बसवलं. पोत्यांचं गोदाम. तिथली हमाली पोत्यावर मिळते, म्हणजे मोजणी चुकली तर कुणाची तरी भाकरी कमी होते. माझे चाचा हमाल होते. त्यांच्या काळी खडूनं चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी आडवी, असा हिशेब भिंतीवर असे. संध्याकाळी मुकादमाची वही एक सांगायची, भिंत दुसरं. दोन-तीन पोत्यांचाच फरक, पण त्यावरून माणसं महिनामहिना बोलत नसत.

पहिल्या दिवशी यंत्रानं दुपटीहून जास्त पोती मोजली. उघड आहे: हमाल पोतं घेऊन आत जातो आणि मोकळा बाहेर येतो, किरण दोन्ही वेळा तुटतो. त्यात किरण गुडघ्याशी, म्हणून एकेक पाय वेगळा मोजला गेला. भाच्यानं किरण कमरेवर नेला आणि एकदा मोजल्यावर अर्धा सेकंद डोळा मिटून घ्यायची सोय केली. मग दुसरा किरण लावला, पहिल्यापासून वीतभर आत. आतला किरण तुटताना बाहेरचा आधीच तुटलेला असेल, तरच एक धरायचा. बाहेर येणाऱ्याचा आतला किरण आधी तुटतो, म्हणून तो मोजला जात नाही. मात्र मुकादम मोकळ्या हातानं आत गेला तरी एक पोतं जमा होतं. "मामू, याला सर्किटमध्ये उत्तर नाही," भाचा म्हणाला. मुकादम आता मागच्या दारानं जातो.

रात्री हेच मंडल राखणदार होतं, फक्त एक बदल लागतो. मोजताना किरण जुळला की रिलेनं सुटायचं असतं. चोरासाठी तसं चालत नाही. तो क्षणात आत शिरेल आणि भोंगा गप्प होईल. म्हणून रिलेच्याच एका संपर्कातून रिलेला वीज पुरवत राहायचं. एकदा ओढला की किल्लीनं तोडेपर्यंत सुटत नाही. दिवा कुणी फोडला तरी अंधार होतो आणि भोंगा वाजतोच. मात्र नळीत टॉर्च धरणारा चोर याला फसवू शकतो. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक वेगानं लुकलुकणारा अवरक्त किरण, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा. पट्ट्यावरून भरभर जाणाऱ्या बाटल्या मोजायच्या असतील तरी तोच मार्ग, कारण एलडीआर मुळात आळशी. माणसाच्या चालीपुरताच त्याचा वेग.

यंत्र नीट चालायला लागलं, तेव्हा टोळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या हमालानं विचारलं, "हे शून्यावर आणायचं बटण कुणाच्या हातात राहणार?" मला तो सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा मोठा प्रश्न वाटला. भाच्याकडे चिप होती, उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनीच ठरवलं. बटण पत्र्याच्या पेटीत, पेटीला दोन कुलपं. एक किल्ली मुकादमाकडे, एक टोळीकडे. संध्याकाळी दोघांसमोर आकडा दोन वह्यांत लिहायचा आणि मगच शून्य. बॅटरी संपून आकडा गेला तर त्या दिवसापुरती भिंतीवरची मोजणी धरायची, म्हणून खडूच्या रेघाही चालू ठेवल्या आहेत.

करून बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, पावसाळ्यात त्या काळ्या नळीत कोळी जाळं विणतो आणि मग यंत्र आपल्याच मनानं पोती मोजू लागतं. आठवड्यातून एकदा नळीत फुंकर मारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)