वस्त्रांचें अंतरंग

श्रीमंत स्त्रियांनीं मेजवानीच्या रात्रीं अंगावर घातलेले पोषाख वस्तुसंग्रहालयांत मांडावे, हें पुष्कळांना अजूनहि पटत नाहीं. शिलालेख, शस्त्रें आणि मूर्ति यांच्या पंक्तीला झगे कशाला, असें ते विचारतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्यें मे २०१७ पासून फेब्रुवारी २०१८ पर्यंत क्रिस्तोबाल बालेन्सियागा याच्या वस्त्रांचें प्रदर्शन भरलें होतें. तें पाहतांना या प्रश्नाचें थोडेंसें उत्तर मला मिळालें.

बालेन्सियागा १८९५ सालीं स्पेनच्या बास्क प्रांतांत, गेतारिया नांवाच्या कोळ्यांच्या गांवीं जन्मला. आई लोकांचे कपडे शिवी. सुई त्याच्या हातीं आली ती घरांतच. १९१७ सालीं सान सेबास्तियान येथें त्यानें आपलें पहिलें दुकान काढलें. पुढें स्पेनमध्यें यादवी पेटली आणि १९३७ सालीं तो पॅरिसला आला. पॅरिसचे कित्येक नामांकित वेषकार कागदावर चित्र काढीत व कात्री दुसऱ्याच्या हातीं देत. हा गृहस्थ मात्र बेतणें, कापणें, शिवणें सारें स्वतः जाणत होता. बाही मनासारखी बसली नाहीं, तर उसवून पुन्हां लावी.

१९४७ मध्यें क्रिस्तियान दिओरनें कंबर आवळलेला, खालीं घेरदार असा वेष रूढ केला. बालेन्सियागानें उलट कंबर मोकळी सोडली. त्याच्या १९५७ च्या झग्याला तर लोकांनीं गोणीच म्हटलें. त्यांत कापड आणि शरीर यांच्यामध्यें हवा खेळते. आपल्या लुगड्याला नेसणारीच्या अंगावांचून आकार नाहीं. हे झगे मात्र आपला आकार आपणच धरतात. त्यासाठीं लागणारें ताठ रेशमी कापड, ‘गझार’, झुरिकच्या अब्राहम पेढीनें १९५८ सालीं त्याच्याकरितां सिद्ध केलें. १९६७ चा चार कोनांचा काळा झगा त्याच कापडाचा. मोठ्या पाकिटासारखा तो दिसतो, आणि सुंदर म्हणावा कीं विचित्र, याचा निर्णय पाहणाऱ्यास लवकर करतां येत नाहीं. मला विशेष आवडला तो १९६१ चा कोट. एका शिवणीवर सारा उभा! बेत उलगडून पाहिल्याखेरीज हें खरें वाटत नाहीं.

हे पोषाख त्या संग्रहालयांत आले कसे, तेंहि सांगण्यासारखें आहे. छायाचित्रकार सेसिल बीटन यानें १९७१ च्या प्रदर्शनासाठीं उंची वस्त्रें बाळगणाऱ्या स्त्रियांकडे मागणी करून तीं मिळविलीं. एकेकाळीं ज्या दारांतून आंत पाऊल टाकणेंहि सामान्यास शक्य नव्हतें, तेथील माल असा सर्वांच्या डोळ्यांसमोर आला.

परंतु झगा काचेआड गेला म्हणजे त्याची उलटी बाजू दिसत नाहीं, आणि शिंप्याचें खरें काम तर उलट्या बाजूलाच असतें. यावर तेथें मोठी सुंदर युक्ति योजिली होती. निक व्हीझी या छायाचित्रकारानें कांहीं झग्यांचीं क्ष-किरणांनीं चित्रें काढलीं होतीं. वरून कमळाच्या पाकळीसारखा हलका दिसणारा घेर, आणि चित्रांत पाहावें तों चोळीच्या भागांत ताठ काड्या, तर कापड नेमकें जेथें पडावें तेथें शिवून बसविलेलीं चिमुकलीं वजनें!

झग्यांतील पट्टीवर नांव दुकानाचें. ज्या बायकांनीं तीं वजनें बसविलीं, त्यांचें नांव त्या पट्टीवर नाहीं. १९६८ सालीं बालेन्सियागानें दुकान बंद केलें. १९७२ मध्यें तो वारला. त्याचें नांव पुढें दुसऱ्यांच्या मालकीचें झालें आणि आज त्या नांवानें पादत्राणें व पिशव्याहि खपतात. ज्या हातांनीं तें काम केलें, त्यांची खूण त्या काळ्यापांढऱ्या चित्रांत उरली आहे: ओळीनें घातलेले बारीक टांके, आणि प्रत्येक वजन आपल्या जागीं.