पेटीतला टाइपरायटर : एका छंदाविषयी चार शब्द

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



छंदाविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. तिकिटे आणि नाणी जमविण्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज जुन्या पोर्टेबल टाइपरायटरविषयी बोलणार आहे. झाकण लावले की पेटी होते आणि मूठ धरून प्रवासाला नेता येते, असे हे टंकलेखन यंत्र. त्याचा संग्रह करणारे लोक जगभर आहेत. परंतु मनमाडच्या शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला का जावे, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले. बंदुका करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये ते बाजारात आणले. कचेऱ्यांतली ही यंत्रे पुढे इतकी वजनदार झाली की ती टेबलावरून हलविणे जिकिरीचे होई. मग फिरतीवर असणाऱ्यांनी काय करावे? वार्ताहर, वकील, व्यापाऱ्याचा प्रतिनिधी यांना हलके यंत्र हवे होते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ब्लिकेन्सडर्फर नावाचे यंत्र लोकांपुढे आले. त्यात अक्षरांच्या दांड्या नव्हत्या, सर्व अक्षरे एका लहानशा चाकावर बसविलेली होती. १९१२ मध्ये ‘कोरोना ३’ हे यंत्र आले. त्याचा कागदाचा रूळ पुढे कळफलकावर दुमडून ठेवता येई आणि वजन तीन किलोच्या आसपास होते. पहिल्या महायुद्धात ते अनेक वार्ताहरांनी बरोबर नेले. १९२० मध्ये रेमिंग्टनने चार ओळींच्या कळांचे पोर्टेबल काढले. १९३२ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर गावी ‘इंपीरियल गुड कंपॅनियन’ तयार झाले, १९३५ मध्ये स्वित्झर्लंडचे ‘हर्मिस बेबी’ आणि १९५० मध्ये इटलीचे ‘ऑलिव्हेटी लेटेरा २२’ आले. या शेवटच्या यंत्राची आखणी इतकी नेटकी आहे की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात ठेवले आहे.

आता दुर्मिळ कशाला म्हणावे? येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे. ‘कोरोना ३’ शंभर वर्षांचे झाले तरी ते लाखोंनी निघाले होते, त्यामुळे आजही मिळते. याउलट एखादे साधे यंत्र त्याच्या मालकामुळे अमोल ठरते. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी सुमारे पन्नास डॉलरला घेतलेले ‘लेटेरा ३२’ २००९ मध्ये लिलावात २,५४,५०० डॉलरला गेले. तेच यंत्र दुसऱ्या कोणाचे असते तर त्याला हजारही आले नसते. आपल्याकडील उदाहरण याहून थोर आहे. नागपूरजवळ चिचोली येथे शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वस्तूंबरोबर त्यांचे टंकलेखन यंत्रही जतन केलेले आहे. तेथे कोणी कंपनीचे नाव विचारीत नाही. ते कोणाचे हे ठाऊक आहे, एवढे पुरे असते.

यातून माझा पहिला मुद्दा निघतो. यंत्रापेक्षा यंत्राची माहिती आधी नष्ट होते. लोखंड गंजायला पन्नास वर्षे लागतात, पण ‘हे आजोबांनी कोठून आणले’ हे सांगणारे माणूस गेले की ते ज्ञान एका दिवसात जाते.

दुसरा मुद्दा आपल्या लिपींचा. इंग्रजीची सव्वीस अक्षरे, मोठी व लहान मिळून, पंचेचाळीस-एक कळांवर सहज मावतात. देवनागरीचे तसे नाही. मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे इतक्याच कळांवर बसवायची कशी? त्यावर तोड अशी निघाली की अर्धे अक्षर एका कळेवर आणि काना वेगळ्या कळेवर ठेवायचा. अर्धा ‘ग’ उमटवून काना दिला की पूर्ण ‘ग’ होतो. काही मात्रांच्या कळा तर अशा असत की त्या दाबल्यावर रूळ पुढे सरकतच नसे, म्हणजे चिन्ह आणि अक्षर एकाच जागी पडत. उर्दूची अडचण आणखी निराळी. ती उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून रूळ उलट दिशेने चालवावा लागला. शब्दातील जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते, म्हणून रूपे कमी करून नस्ख वळण घेतले गेले. नस्तालीकची उतरती, डौलदार ओळ मात्र त्या सरळ रुळावर कधीच साधली नाही. म्हणूनच उर्दू वृत्तपत्रे आणि पुस्तके अनेक दशके कातिबांच्या लेखणीतून उतरत राहिली. वाचकहो, आपल्या लिपीसाठी लोखंडाला किती वाकावे लागले याचा पुरावा या यंत्रांत आहे. परदेशी संग्राहक इंग्रजी कोरोना जपतील. पण मराठी वा उर्दू पोर्टेबल जपण्यासाठी ते आपल्या दारी येणार नाहीत. माझ्या मते आपल्या दृष्टीने खरे दुर्मिळ यंत्र हेच.

तिसरा मुद्दा भाकरीचा. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. २००९ मध्ये तिच्या सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यातील उत्पादन थांबले, आणि २०११ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. उरलेल्या यंत्रांत बरीचशी अरबी लिपीची होती असे त्या बातम्यांत होते. महाराष्ट्रात टाइपरायटरवरील सरकारी परीक्षा २०१७ पर्यंत चालल्या, मग संगणक आला. मिनिटाला तीस शब्द मराठी आणि चाळीस शब्द इंग्रजी, या दोन प्रमाणपत्रांवर कितीतरी घरांत पहिला पगार आला. मनमाड हे जंक्शनचे गाव. रेल्वे कचेऱ्या, रेल्वेचा कारखाना, अन्न महामंडळाची गोदामे येथे आहेत. दहावीनंतर टायपिंग क्लासला गेलेले काका-मामा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सापडतील. ती यंत्रे आज किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. ज्या वस्तूने आपल्याला उभे केले तिची निदान नोंद तरी ठेवावी, असे मला वाटते.

आता छंद कसा करावा ते थोडक्यात सांगतो. शिक्षकाच्या पगारात तो बसतो, हे प्रथम सांगून ठेवतो. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत, परंतु सुरुवात आपल्या नात्यातील माळ्यापासून करावी. यंत्र हाती आले की प्रत्येक कळ दाबून पाहावी. रूळ बाजूला सरकतो का, ओळीच्या शेवटी घंटी वाजते का, हे पाहावे. कळा चालूनही रूळ जागचा हलत नसेल तर बहुधा त्याला ओढणारी पट्टी तुटलेली असते, आणि ती बदलता येते. रबराचा रूळ दगडासारखा कडक झाला असेल तर अक्षर कागद फाडते. अक्षरांच्या दांड्यांना तेल मुळीच घालू नये. तेलावर धूळ बसते आणि दांड्या चिकटतात. जुना दातांचा ब्रश आणि थोडे स्पिरिट पुरे, मात्र ते रंगाला लागू देऊ नये. नवा रंग देण्याचा मोह टाळावा, कारण मूळ रंग आणि त्यावरील सोनेरी अक्षरे हीच यंत्राची ओळख असते. अर्धा इंच रुंदीची फीत अजून मिळते. अंगावरील क्रमांक उतरवून घ्यावा, त्यावरून बनावटीचे वर्ष बहुधा कळते. झाकणाच्या आत कधी विक्रेत्याची चिठ्ठी चिकटविलेली असते, ती काढून टाकू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक यंत्राचे एक पान करावे. त्या यंत्रावरच सर्व अक्षरे उमटवावीत आणि खाली चार ओळी लिहाव्यात : कोणाचे, कोठून आले, त्यावर काय लिहिले गेले, कधी बंद पडले. माझ्याकडे मोजकीच यंत्रे आहेत, पण प्रत्येकाचे पान आहे. यंत्र विकत घेण्याची ऐपत नसेल तर नुसते पान करावे. यंत्र मालकाकडेच राहू द्यावे. तोही संग्रहच आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

संस्थेच्या चालकांना माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट यासाठी मिळावे. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशी तीन यंत्रे त्यात ठेवू. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या मोहल्ल्यातील, आळीतील जुन्या टायपिस्टांना भेटावे, त्यांची माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून आणावी. ही माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहून चालणार नाही.

वाचकहो, आपल्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.