देज गेलं, हुंडा आला

(वडगाव निंबाळकर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या बारामती भागात मराठा, धनगर, रामोशी, बौद्ध, मुसलमान अशी कितीतरी घरं शेजारी नांदतात. प्रत्येकाची लग्नाची तऱ्हा वेगळी. कुणाकडे देवक बसतं. कुणी जेजुरीला जातात, नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, मग घरी जागरण-गोंधळ. बौद्ध घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील होतं. मुसलमान घरात मुलीची कबुली घेतात, मेहर ठरतो.

या वेगळेपणाशी माझं भांडण नाही. भांडण एका वाक्याशी आहे. बैठकीत सुपारी फोडताना म्हणतात, "हुंडा ही आपली जुनी रीतच आहे." मी म्हणते, ही रीत जुनी नाही.

म्हाताऱ्या बायकांना विचारा. बहुतेक कष्टकरी जातींत मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज द्यायचा. कारण उघड होतं. मुलगी खुरपते, मेंढरं राखते, ओझी वाहते. ती गेली की एका घरचे दोन हात कमी होतात, दुसऱ्या घरचे वाढतात. नवरा मेला तर पाट लागायचा. काडीमोडही होता.

मग नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. हाती पैसा आला तसं वरच्यांचं बघून वागणं आलं. बाईनं रानात न जाणं ही प्रतिष्ठा झाली, तिच्या घरकामाला मोल उरलं नाही. शिकलेल्या, नोकरीवाल्या मुलाला भाव आला. देज घेणं कमीपणाचं ठरलं, पाट लावणं हलकं ठरलं, आणि हुंडा मानाचा झाला!

म्हणून देज परत आणा, असं मी म्हणत नाही. देज बापाच्या हातात पडायचं, मुलीच्या नाही. सोडचिठ्ठी हवी तर आधी देज परत करा, अशी अट पडायची. आफ्रिकेतल्या बायका हेच सोसत आल्या. नायजेरियात योरुबा, इग्बो, हौसा अशा अनेक जमाती, प्रत्येकीची लग्नं निराळी. इग्बो लग्नात मुलगी माडीचा पेला घेऊन गर्दीतून आपला नवरा शोधते आणि त्याला पाजते. किती सुंदर! पण त्याच लग्नात मुलीसाठी द्यायची रक्कम पुरुषच ठरवतात. युगांडात बायकांची संघटना कोर्टात गेली आणि २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, लग्न मोडताना देज परत मागणं घटनाबाह्य आहे.

म्हणजे पैसा इकडून तिकडे गेला काय, तिकडून इकडे आला काय, बाईची मूठ रिकामीच.

कुणी म्हणेल, हुंडा म्हणजे मुलीचा वाटाच की. मग सात-बाऱ्यावर तिचं नाव का नाही? हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. पण लग्न झालेल्या बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, हीही आता रीतच झाली आहे. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे. तो मानपान, गाडी, हॉलचा खर्च अशी नावं बदलून येतो.

तेव्हा रीत पारखायला दोनच प्रश्न विचारू या. मुलीला विचारलं का? तिच्या स्वतःच्या हातात काय राहिलं? या कसोटीला उतरेल ते प्रत्येक समाजाकडून घेऊ. निकाहातली कबुली घेऊ, पण ती मनापासून विचारलेली; मेहर घेऊ, पण तो खरोखर दिलेला. पाटातली दुसऱ्या संसाराची मुभा घेऊ, पण रात्रीच्या अंधारात उरकलेली नको, भर मांडवात. बौद्ध लग्नातला साधेपणा घेऊ. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक लग्न सुरू केलं. त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी हक्क मागते आणि नवरा वचन देतो. ते वचन घेऊ.

आणि उद्यापासून दोन कामं. गावातल्या प्रत्येक लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झालीच पाहिजे. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक बहिणीनं मंडळात येऊन एकदा तरी बोलावं. हळद, देवक, गोंधळ खुशाल करा. फक्त सुपारी फुटते त्या बैठकीत बायका पडद्याआड नकोत, सतरंजीवर बसलेल्या हव्यात.