सोलापूर : भोंगा थांबल्यानंतर



सोलापूर म्हटले की चादर आठवते. परंतु ज्या कापडगिरण्यांनी या शहराला वैभव दिले, त्यांचे भोंगे केव्हाच निमाले. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू! एके काळी यांच्याच भोंग्यांवर शहराचे घड्याळ चाले. पुढे त्या एकामागून एक बंद पडल्या आणि शिकलेल्या मुलांनी पुण्याची गाडी धरली.

तरीही शहर तगले. त्याचे श्रेय तेलंगणातून येऊन येथे रुजलेल्या पद्मशाली विणकरांना प्रथम द्यावे लागेल. गिरण्या संपल्या, तरी घरोघरचे माग चालू राहिले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन लाभले खरे. पण पानिपतच्या स्वस्त मालापुढे मानांकनाचा कागद किती पुरणार? तेव्हा येथील यंत्रमागधारकांनी टेरी टॉवेलकडे मोर्चा वळविला, निर्यातीची वाट धरली. अलीकडच्या काळात गणवेश शिवण्याच्या उद्योगानेही बाळसे धरले आहे. एखादा मोठा उद्योगपती येऊन भाग्य उजळील, या आशेवर ही माणसे बसली नाहीत.

दळणवळणही सुधारले. फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत धावू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये विमानांना अडसर ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. ऊसउत्पादक सभासदांना ते मनस्वी लागले, आणि त्यांची व्यथा खोटी म्हणता येणार नाही. जून २०२५मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली.

मग गुंतवणूकदार कोठे अडतो? पाण्यापाशी. उजनीचे पाणी शंभरएक किलोमीटरवरून आणावयाचे. वर्षानुवर्षे नळ काही दिवसांआड वाहिले. टॉवेलच्या रंगणीला तर भरपूर पाणी हवे. म्हणून पाण्याची शाश्वती होईपर्यंत येथे भांडवल घालणाऱ्याने रंगणीपेक्षा शिलाईकडे पाहावे, हे अधिक शहाणपणाचे. शिलाई यंत्राला पाणी लागत नाही, लागतात कुशल हात. आणि ते येथे आहेत. विडी वळून संसार रेटणाऱ्या हजारो भगिनी या शहरात आहेत. कुंभारी येथील रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत योजण्यात आली. त्यांपैकी १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४मध्ये झाले. विडीचा धंदा आटत चालला असताना या वस्तीच्या दाराशी शिलाईचे काम पोहोचले, तर तेथील मुलींना पुण्याची गाडी धरावी लागणार नाही.